पहिला आकडा

करळ फाटा, न्हावा शेवा

चि. निलेश,

खारघरच्या सोसायटीच्या सहा बॅटरीगाड्यांचं काम तू घेतलंस, असं ताई म्हणाली. आनंद झाला. टायरची ऑर्डर या आठवड्यातच देणार आहेस म्हणे, म्हणून घाईने लिहितोय. तू आपल्या दुकानात वाढलास, ट्रेलरचा टायर लांबून ओळखतोस. मला भीती नेमकी त्याचीच वाटते.

१९८९ला बंदर सुरू झालं आणि माझं आयुष्य १०.००-२०च्या टायरांत गेलं. त्यात पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिंगचा. उंची लिहिलेलीच नसते. तुझ्या बॅटरीगाड्या म्हणजे गोल्फ कार्टच; त्यांच्या टायरवर तुला १८×८.५०-८ दिसेल. इथे पहिला आकडा उंचीचा आहे बरं का. टायर उभा केला की जमिनीपासून माथ्यापर्यंत १८ इंच, रुंदी साडेआठ, रिंग आठची. आणि दुकानदार २०५/५०-१० दाखवेल, तिथे पहिला आकडा पुन्हा रुंदीचा, तोही मिलिमीटरमध्ये! घाबरू नकोस, कागद घे. मधला ५० म्हणजे साइडची उंची रुंदीच्या पन्नास टक्के. २०५चे निम्मे १०२.५, वरची आणि खालची साइड मिळून २०५. त्यात दहाच्या रिंगचे २५४ मिळव. झाले ४५९, म्हणजे अठरा इंचच. रिंग वाढली, टायर तेवढाच राहिला. अशी अदलाबदल चालते, फक्त नटांची भोकं जुळतात का आणि रिंग आत-बाहेर किती बसते, ते आधी बघ.

मी मात्र एकदा अशाच गाडीला अठराच्या जागी २० इंच उंचीचे चढवले होते. गिऱ्हाइकाला गाडी रुबाबदार हवी होती आणि मलाही ती तशी आवडली. रिकामी गाडी मस्त फिरली. दुसऱ्या दिवशी मागे भरपूर माणसं बसली, स्टेअरिंग पूर्ण वळलं आणि टायर मडगार्डला घासू लागला. गाडीखाली रबराचा काळा भुगा, जणू कुणी पेन्सिल तासली होती. शिवाय चाकाच्या एका फेरीत गाडी अकरा टक्के जास्त पुढे जाते, म्हणून चढावर मोटर कण्हते आणि बॅटरी लवकर उतरते. टायर मी पदरचे पैसे घालून बदलले. तू टेप लावशील तो गाडीत माणसं बसवून, चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून.

हवेचं सांगायलाच नको, तरी सांगतो. आपला कॉम्प्रेसर ट्रेलरसाठी ११०-१२०वर असतो. या टायरांना साधारण वीस-बावीस पाउंड पुरतात. साइडवर लिहिलेली मर्यादा वाचल्याशिवाय नळी लावू नकोस.

सोसायटीचा रस्ता डांबरी आहे, तर साधी रस्त्याची नक्षी घे. खोल गोट्यांचा टायर नुसता घरघरतो. उद्या गोल्फच्या मैदानाचं काम मिळालं तर हिरवळीसाठी सपाट, उथळ नक्षी लागते, नाहीतर गवत उपटून निघतं.

आणखी एक. ट्रेलरचा टायर झिजून मरतो, गोल्फ कार्टचा बहुधा उन्हात उभा राहून मरतो. नक्षी नवी कोरी आणि साइडला भेगा! साइडवर चार आकडी तारीख असते. २३२२ म्हणजे २०२२चा तेविसावा आठवडा. स्वस्तातला माल दाखवला तर आधी ती बघ.

ऑर्डर द्यायच्या आधी जुना एक टायर रविवारी घेऊन ये. मामी निवट्यांचं कालवण करणार आहे.

तुझा,
मामा