सरासरीवर भाळू नकोस

फॉर्म्युले पाठ केले की स्टॅट्सचे मार्क हातचे, हे तुझं म्हणणं खोटं नाही मने. मार्क पडतात. बायनॉमियलला एन आणि पी, पॉयसनला लॅम्डा, नॉर्मलला झेडचं टेबल. लोकल ऑथरच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं दोनदा गिरवलीस की पेपर निघून जाईल. पण तू सिव्हिलला आहेस. एम-थ्रीतलं बाकीचं बरंचसं गणित तुला साइटवर पुन्हा भेटेलच असं नाही. हे एक युनिट मात्र पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात पुढ्यात येऊन बसतं. म्हणून सबमिशनची फाइल जरा बाजूला सार आणि ऐक.

आमच्या काँक्रीट प्लँटवर रोज क्यूब भरतात. १५० मिलिमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा, २८ दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग मशीनखाली दाबून फोडायचा. एम-२० म्हणजे २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, हे तुला झोपेतही सांगता येईल. पण हे २० म्हणजे नेमकं काय? सरासरी? नाही. कमीत कमी? तेही नाही. आयएस ४५६ हे काँक्रीटचं कोड म्हणतं, ज्या ताकदीच्या खाली ५ टक्क्यांहून जास्त निकाल जाण्याची अपेक्षा नाही, ती ही ताकद. म्हणजे शंभरातले पाचेक निकाल विसाच्या खाली येऊ शकतात, हे कोडनेच आधी गृहीत धरलंय. काँक्रीटच्या नावातच प्रॉबॅबिलिटी आहे, आणि व्हायवाला निम्मी मुलं हे सांगू शकत नाहीत.

आता बघ. सरासरी २० धरून मिक्स केलं तर जवळजवळ निम्मे निकाल विसाखाली जातील. म्हणून टार्गेट वर धरतात: २० अधिक १.६५ गुणिले स्टँडर्ड डेव्हिएशन. स्वतःचे पुरेसे निकाल हातात नसतील तर एम-२० ला डेव्हिएशन ४ धरायचं, असं कोड सांगतं. म्हणून टार्गेट २६.६. हा १.६५ आला कुठून? तुझ्या झेडच्या टेबलमधूनच. नॉर्मलच्या डाव्या शेपटीत ५ टक्के उरतात ती जागा ही. परीक्षेत टेबलावर बोट फिरवून जो आकडा शोधतेस, तो इथे दर स्लॅबच्या कागदावर असतो.

दोन साइट धर. दोन्हीकडे एम-२०, दोन्हीकडे सरासरी २७. एकीकडे डेव्हिएशन ३, दुसरीकडे ६. पहिल्या साइटवर विसाखाली जाणारे निकाल शंभरात एखादा, दुसरीकडे बाराच्या आसपास. करून बघ: २० वजा २७, एकदा भागिले ३, एकदा भागिले ६, आणि टेबल. फक्त सरासरीचा रकाना बघून सही करणारा साहेब दोघांनाही सारखीच शाबासकी देईल. आणि हा नुसता सुरक्षेचा मामला नाही, पैशांचाही आहे. ५ टक्क्यांची तीच अट पाळायची तर दुसऱ्या साइटला टार्गेट ३० च्या जवळ न्यावं लागेल, पहिलीला सूत्राप्रमाणे २५ पुरतं. (मिक्स डिझाइनच्या कोडमध्ये, आयएस १०२६२ मध्ये, २०१९ साली आणखी एक खालची मर्यादा घातली आहे, म्हणून साडेपंचवीस म्हण.) मधला फरक सिमेंटच्या गोण्यांत मोजायचा. वाळूतलं पाणी न तपासणं, खडी अंदाजाने टाकणं, शिफ्ट बदलली की स्लंप बदलणं, ही सगळी ढिलाई सरासरीत कदाचित दिसणारही नाही. डेव्हिएशनमध्ये दिसते.

दामोदर धर्मानंद कोसंबी तुला इतिहासकार म्हणून माहीत असतील. होते गणिताचे प्राध्यापक, पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवायचे. तक्षशिलेला सापडलेली जुनी चांदीची नाणी त्यांनी एकेक करून तोलली. नाणं हातांतून जितकं फिरतं तितकं झिजतं, म्हणून सरासरी वजन उतरतं. पण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, त्यामुळे वजनांतली तफावतही वाढत जाते. कुठली नाणी जास्त काळ चलनात होती याचा अंदाज त्यांनी या दोन्ही गोष्टींवरून बांधला. मला हे फार आवडतं. आपण ज्याला मोजमापातली कटकट म्हणतो, त्या तफावतीतून त्यांनी इतिहास वाचला.

आता सँपलचं. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत पातेल्यातून कुठूनही उचललं तर. वरचंच शीत दाबून बघितलं तर तळाला करपलेलं कळायचं नाही. क्यूबचंही तेच. कुठल्या गाडीतून माल घ्यायचा हे आधी ठरलेलं हवं. गाडी आली, माल छान दिसला, मग "यातून घ्या" असं झालं की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर कुचकामी. पुस्तकात 'रँडम सँपल' हे दोन शब्द उदाहरणाच्या पहिल्या ओळीत येतात आणि आपण ते ओलांडून आकड्यांकडे पळतो. साइटवर मात्र खरी मेहनत त्या दोन शब्दांनाच लागते.

आणि हो, कॅल्सीच्या स्टॅट मोडमध्ये डेव्हिएशनची दोन उत्तरं दिसतात, एन ने भागलेलं आणि एन वजा एकने. कुठलं घ्यायचं म्हणून विचारत होतीस ना? सँपलवरून सगळ्या मालाबद्दल बोलायचं असेल तर एन वजा एक. तू सरासरी त्याच आकड्यांतून काढलीस, त्यामुळे सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज शून्यच येणार; शेवटचा फरक बाकीच्यांवरून ठरूनच गेलेला. शिवाय आकडे आपल्या स्वतःच्या सरासरीला जास्त बिलगून असतात, मालाच्या खऱ्या सरासरीला तेवढे नाही. एन ने भागलं तर तफावत आहे त्याहून थोडी कमीच दिसेल. एवढंच आहे त्यात, बाकी भीती उगाच.

डिस्ट्रिब्यूशन पाठ करताना सूत्राआधी अटी लिहीत जा. बायनॉमियलला: किती वेळा करायचं ते आधी ठरलेलं, दर वेळी पी तोच, आणि एका वेळचा निकाल दुसऱ्याला चिकटलेला नाही. पॉयसनला: घटना विरळ, सुट्या, आणि दर स्थिर. सगळ्यात गाजलेलं उदाहरण प्रशियाच्या सैन्यातलं आहे. बोर्टकीविझने १८९८ च्या पुस्तकात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची मोजदाद मांडली. १० कोअर, २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी, एकूण मृत्यू १२२, म्हणून लॅम्डा ०.६१. एकही मृत्यू नाही अशा किती नोंदी यायला हव्यात? ई चा उणे ०.६१ घात, गुणिले २००: १०८.७. प्रत्यक्षात होत्या १०९. एक मृत्यू: अपेक्षित ६६.३, प्रत्यक्षात ६५. दोन: २०.२ आणि २२. घोडे काही लॅम्डा विचारून लाथ मारत नव्हते, तरी जुळलं, कारण अटी जुळत होत्या. तेच पॉयसन लाँग वीकेंडला खालापूरच्या टोलवर दिवसभरासाठी एकच लॅम्डा धरून लावशील तर तोंडघशी पडशील. सकाळी सातचा दर आणि दुपारी दोनचा दर एक नाही.

या अटींमध्ये सगळ्यात महागात पडते ती इंडिपेंडन्सची. आणि त्यासाठी तू चॅलेंजर या अमेरिकी स्पेस शटलचं प्रकरण वाचावंस असं मला मनापासून वाटतं.

२८ जानेवारी १९८६. यान उडालं आणि ७३ सेकंदांत फुटलं, सातही जण गेले. बूस्टरच्या सांध्यातून गरम वायू बाहेर पडू नये म्हणून रबराच्या ओ-रिंग होत्या, एक नाही, दोन. एक दगा देईल तर दुसरी आहेच. कागदावर हे किती भरवशाचं वाटतं बघ: एकीची बिघडायची शक्यता शंभरात एक धरली तर दोन्ही एकदम बिघडायची दहा हजारांत एक, गुणाकार केला की झालं. पण गुणाकार तेव्हाच करायचा जेव्हा एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नाही. थंडीने रबर कडक होतं, आणि थंडी दोघींना एकाच वेळी लागते. त्या सकाळी पारा गोठणबिंदूच्या आसपास होता.

दुसरी गोष्ट आदल्या रात्रीची. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवर सांगितलं होतं, इतक्या थंडीत उडवू नका. वाद झाला तो आधीच्या उड्डाणांच्या नोंदींवर. ज्या उड्डाणांत ओ-रिंगला इजा झाली होती, तेवढीच समोर होती. त्यातलं एक साधारण १२ अंश सेल्सिअसचं, एक २४ अंशांचं. म्हणजे गारठ्यातही इजा, उबेतही इजा. तापमानाचा संबंध काय? पण ज्यांत काहीच झालं नव्हतं ती उड्डाणं कुणी त्या आलेखावर मांडलीच नाहीत. नंतर चौकशी आयोगाने मांडली. साधारण १९ अंश किंवा त्याहून उबदार तापमानातल्या २० उड्डाणांपैकी ३ मध्ये इजा, आणि १७ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा. चारपैकी चार. यासाठी कुठलं भारी सूत्र लागत नाही, शून्याच्या रेषेवरचे ठिपके मांडावे लागतात. "काही झालं नाही" हाही डेटा असतो, मने.

आयोगावर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होता. त्याने विचारत फिरून नोंदवलं की यान गमावण्याची शक्यता काम करणारे इंजिनिअर शंभरात एकच्या आसपास सांगतात आणि वरचे अधिकारी एक लाखात एक. एक लाखात एक म्हणजे रोज एक उड्डाण केलं तरी पावणेतीनशे वर्षांत सरासरी एक अपघात! २०११ मध्ये शटल कायमचं थांबलं तेव्हा १३५ उड्डाणांत दोन यानं गेली होती. तूच भाग.

पुराचं उदाहरण तुला हायड्रॉलॉजीत येईलच, त्यामुळे थोडक्यात. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे यंदा आला की शंभर वर्षं निश्चिंती, असं नाही. दर वर्षी १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. पूल ५० वर्षं वापरायचा तर त्या काळात तो पूर किमान एकदा येण्याची शक्यता किती? 'किमान एकदा' दिसलं की उलटीकडून जा: एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा ५० वा घात, ती १ मधून वजा कर. साडेएकोणचाळीस टक्के येतात. वर्गात हात वर करायला सांग, बहुतेक जण यापेक्षा फार कमी सांगतील.

बेजच्या सूत्राला तर मी टेबलावर उभंच करत नाही. सरळ १०,००० वस्तू घ्यायच्या. धर, १०,००० वेल्ड आहेत, १ टक्का सदोष. तपासणी सदोष वेल्डपैकी ९५ टक्के पकडते, पण चांगल्यांपैकीही ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. सदोष १००, त्यातले पकडले ९५. चांगले ९,९००, त्यातले अडकले ४९५. लाल खूण झालेले एकूण ५९०, त्यातले खरे सदोष ९५, म्हणजे १६ टक्के. "९५ टक्के अचूक यंत्र" म्हणून जो वेल्ड कापायला निघालाय, त्याला हे चार आकडे दाखव. पेपरात सूत्र लिहावं लागेल, ते लिही. पण उत्तर या हिशेबाने पडताळ.

परीक्षेपुरतं थोडं. झेडचं टेबल शून्यापासून सुरू होतंय की डाव्या टोकापासून, ते आधी बघ. कोरिलेशन काढण्याआधी ठिपके मांड, त्याला गुण असोत वा नसोत. १९७३ मध्ये अँस्कोमने चार याद्या बनवल्या ज्यांची सरासरी, तफावत, कोरिलेशन आणि रिग्रेशनची रेघ सगळं जवळजवळ एकच, आणि चित्रं मात्र चार तऱ्हेची. एकात तर रेघेऐवजी चक्क वक्र आहे.

रविवारी तुला क्यूबच्या निकालांच्या दोन याद्या पाठवते, साइटची नावं खोडून. प्रत्येकीत तीस निकाल. स्वतःचं डेव्हिएशन काढायला कोडही किमान तीसच मागतं. आधी हिस्टोग्राम काढ, सरासरी नंतर. एक यादी प्रयोगशाळेतली आहे आणि दुसरीतले सगळे आकडे २६.४ ते २६.९ च्या मधे आहेत. काँक्रीट एवढं गुणी नसतं. असं रजिस्टर बहुधा मशीनजवळ नाही, पंख्याखाली बसून भरलेलं असतं. पण लगेच खोटं म्हणू नकोस. चांगल्या साइटवर डेव्हिएशन किती असेल ते आधी कागदावर लिही, मग त्या यादीला काय-स्क्वेअर लाव. ते तुझ्या सिलॅबसच्या शेवटी आहे, आणि तुमचे सर ते शेवटच्या तासाला दहा मिनिटांत उरकणार, म्हणून वही घेऊनच फोन कर.