३६ लाख वर्षांपूर्वीची पाऊले

मेरी लिकी या एक थोर महिला शास्त्रज्ञ होऊन गेल्या. फार फार पूर्वी माणूस कसा होता हे त्यांनी जमिनीतून शोधून काढले. बाईंनी वर्गात त्यांची माहिती सांगितली. मला ती फार आवडली, म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

मेरीचा जन्म ६ फेब्रुवारी १९१३ रोजी लंडन येथे झाला. तिचे वडील चित्रकार होते. ते देशोदेशी हिंडत आणि मेरीला बरोबर नेत. फ्रान्समध्ये तिने गुहांतली जुनी चित्रे आणि दगडी हत्यारे पाहिली. ती तेरा वर्षांची असताना वडील वारले. शाळेत तिचे मन रमत नसे. दोन शाळांतून तर तिला काढून टाकले! (पण म्हणून कोणी शाळा बुडवू नये, असे बाईंनी सांगितले आहे.) तिची चित्रकला मात्र फार चांगली होती. दगडी हत्यारांची चित्रे ती हुबेहूब काढी. त्यामुळेच तिला शास्त्रज्ञांकडे काम मिळाले. १९३६ साली लुई लिकी या शास्त्रज्ञांशी तिचे लग्न झाले. मग दोघांनी आफ्रिकेत खूप वर्षे काम केले.

ते जीवाश्म शोधत. जीवाश्म म्हणजे काय? प्राणी मेला, त्याचे हाड चिखलात गाडले गेले आणि लाखो वर्षांनी त्याचा दगड झाला, की त्याला जीवाश्म म्हणतात. १९४८ साली केनियातल्या रुसिंगा बेटावर मेरीबाईंना प्रोकॉन्सल नावाच्या प्राण्याची कवटी सापडली. बिनशेपटीच्या वानरांच्या घराण्यातला हा प्राणी सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा होता.

आजच्या टांझानिया देशात ओल्डुवाई नावाची मोठी घळ आहे. तिथे दगडी हत्यारे खूप सापडत. पण ती करणारा कोण, ते कळत नव्हते. मेरीबाई तिथे १९३५ साली पहिल्यांदा गेल्या. १७ जुलै १९५९ रोजी लुई तापाने तंबूत पडून होते. मेरीबाई आपले कुत्रे घेऊन एकट्याच शोधायला गेल्या. त्यांना मातीतून वर आलेले हाड दिसले. जवळ जाऊन बघतात तर काय, जबड्यात दात! त्या कवटीचे शेकडो तुकडे झाले होते. ते सगळे त्यांनी चाळून, वेचून जुळवले. ती कवटी साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची निघाली. दाढा एवढ्या मोठ्या की त्याला इंग्रजीत ‘नटक्रॅकर मॅन’ असे नाव पडले. म्हणजे आपला अडकित्ताच! पुढे कळले की तो आपला सख्खा पूर्वज नव्हता, चुलत घराण्यातला होता.

आता सर्वांत मोठी गंमत. त्याच देशात लेटोली नावाची जागा आहे. १९७६ साली तिथे आलेले शास्त्रज्ञ एकमेकांवर हत्तीचे वाळलेले शेण फेकून खेळत होते. एकजण खाली पडला आणि त्याला जमिनीत प्राण्यांच्या पावलांचे ठसे दिसले. मग १९७८ साली तिथेच माणसासारखी पाऊले सापडली. सुमारे ७० ठसे, २७ मीटर लांब रांग! पूर्वी तिथे ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर पाऊस पडला, त्या ओल्या राखेतून कोणीतरी चालत गेले आणि राख सिमेंटसारखी घट्ट झाली. वरून आणखी राख पडून ठसे झाकले गेले. ही गोष्ट ३६ लाख वर्षांपूर्वीची.

पाऊस पडल्यावर ओढ्याकाठी चालून बघा. टाच खोल उमटते, मधली जागा उथळ राहते आणि अंगठा बोटांच्या ओळीत पुढे असतो. लेटोलीचे ठसे असेच आहेत. वानराच्या पायाचा अंगठा बाजूला असतो, फांदी धरायला. म्हणजे ते लोक दोन पायांवर ताठ चालत होते. पण त्यांचा मेंदू आपल्या मेंदूच्या सुमारे एक तृतीयांश होता. आजपर्यंत सापडलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारेसुद्धा त्यानंतरची, ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत.

मी हे घरी सांगितले तेव्हा आजी रागावली. म्हणाली, “म्हणजे माझा पणजा माकड होता का रे?” मी म्हटले, “नाही गं आजी. झाडावरचे माकड आपला आजोबा नाही, लांबचा भाऊबंद आहे. चुलत भावाचा आणि माझा आजोबा एक असतो ना, तसा त्यांचा आणि आपला फार जुना पूर्वज एक होता.” मग मी तिला पावलांची गोष्ट सांगितली. आजी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे आधी पाय आले, अक्कल मागून आली!” बाई म्हणाल्या, आजीने अगदी बरोबर सांगितले.

मेरीबाई ९ डिसेंबर १९९६ रोजी नैरोबी येथे वारल्या. त्यांच्याजवळ कॉलेजची पदवी नव्हती. पण नीट बघायची सवय आणि चिकाटी होती. आपणही खाली बघून चालावे. पायाखाली काय असेल सांगता येत नाही.

— इयत्ता ४ थी