लहान उपग्रहाची कक्षा कशी ठरते?

आकाशस्थ पदार्थांकडून येणारे क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात. म्हणून त्यांच्या निरीक्षणाची उपकरणे वातावरणाबाहेर न्यावी लागतात. केवळ याच कार्यासाठी योजलेला पहिला उपग्रह अमेरिकेने 1970 मध्ये सोडला. त्याचे वजन अवघे 140 किलोग्रॅमच्या आसपास होते. प्रारंभी जी कक्षा लाभेल, तीतच त्याचे सारे आयुष्य जावयाचे होते.

कक्षा फार खालची असती, तर विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह लौकर कोसळला असता. ती फार उंच असती, तर पृथ्वीभोवतीच्या विद्युत्भारित कणांच्या पट्ट्यांनी गणकयंत्रात खोट्या नोंदींचा गोंधळ माजविला असता. हे कण दक्षिण अटलांटिक महासागरावर तर बरेच खाली उतरतात. विषुववृत्ताला लागून फिरणारा उपग्रह तो प्रदेश बहुतांशी टाळतो. म्हणून सुमारे 540 किलोमीटर उंचीची व विषुववृत्ताशी 3 अंशांचा कोन करणारी कक्षा निवडण्यात आली.

परंतु अग्निबाण ज्या अक्षांशावरून सुटतो, त्याहून कमी कोनाच्या कक्षेत त्यास सरळ जाता येत नाही. फ्लॉरिडातील केप कॅनव्हेरल 28 अंशांवर आहे. तेथून निघून कक्षा विषुववृत्तावर आणावयाची, तर दर सेकंदास 3 किलोमीटरांहून अधिक वेगबदल करावा लागतो, आणि लहान अग्निबाणास तो झेपणारा नव्हे. यास्तव केनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभारलेल्या ‘सान मार्को’ या इटालियन तळावरून प्रक्षेपण झाले. तो दिवस 12 डिसेंबरचा, म्हणजे केनियाच्या स्वातंत्र्यदिनाचा. त्यावरून उपग्रहास ‘उहुरू’ हे नाव मिळाले. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ स्वातंत्र्य.

उपग्रहाची प्रदक्षिणा सुमारे 96 मिनिटांची. तेवढ्या वेळात पृथ्वीही पूर्वेकडे वळत असल्याने इक्वेडोरमधील क्विटोच्या केंद्रावर तो साधारण 102 मिनिटांनी पुन्हा येई आणि जेमतेम दहाबारा मिनिटे क्षितिजावर राही. फेरीभर फितीवर साठलेल्या नोंदी तेवढ्याच अवधीत रेडिओद्वारे उतरवून घ्यावयाच्या! कक्षा अधिक तिरपी असती, तर ही भेट कित्येक फेऱ्यांत घडलीच नसती.

उपग्रह सुमारे 12 मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेई व उपकरणांसमोरून आकाशाचा एक पट्टा सरके. तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली की पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या प्रभावाने गिरकीचा आस वळविता येई. नरतुरंग तारकासमूहातील एका स्रोताचे क्ष-किरण दर 4.8 सेकंदांनी प्रखर होतात, हे याच उपग्रहाच्या नोंदींवरून उमगले.

काही आठवड्यांतच फीतयंत्र बंद पडले. आता केंद्र दृष्टिपथात असेल तेवढ्याच वेळच्या नोंदी हाती येणार होत्या. परंतु विषुववृत्तालगतची केंद्रे प्रत्येक फेरीत वाटेत येत, त्यामुळे काम थांबले नाही. ते मार्च 1973 पर्यंत चालले. उहुरूच्या अखेरच्या सूचीत 339 स्रोतांची नोंद आहे.