रेकमेंडेड आणि सिलेक्टेड यांच्या मधले महिने

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, म्हणजे सगळे जिला एनडीए म्हणतात तिचा, प्रवेश एका निकालाने ठरत नाही. संघ लोकसेवा आयोग तिची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. साधारण एप्रिलमध्ये परीक्षा देणारे पुढच्या जानेवारीत प्रबोधिनीत दाखल होतात, सप्टेंबरमध्ये देणारे पुढच्या जुलैत. मधल्या आठ-दहा महिन्यांत लेखीचा निकाल, निवड मंडळ, वैद्यकीय तपासणी, गुणवत्ता यादी आणि शेवटी रुजू होण्याचे पत्र असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्याचे कार्यालय वेगळे. लेखी आणि यादी आयोगाकडे, मुलाखतीचे बोलावणे आणि कागदपत्रे सैन्यभरतीच्या मुख्यालयाकडे, तपासणी लष्करी रुग्णालयात. बहुतेक घरांत या सगळ्याला ‘निकालाची वाट’ असे एकच नाव दिले जाते आणि चुकीला तिथून सुरुवात होते.

सातारच्या सैनिक शाळेत (स्थापना १९६१) किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत (१९७७) शिकणाऱ्या मुलाला हे टप्पे वरच्या वर्गातल्या मुलांकडून आपोआप कळतात. राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीवर यशवंतगडाच्या कुशीत असलेल्या नाटे गावातून एकटाच अर्ज भरणाऱ्याला ते कोणी सांगत नाही. पुढील विवेचनाचा मोठा भाग नियमांवर आधारलेला आहे आणि उरलेला अशाच एका घरात झालेल्या चुकांवर. ते घर नाटे येथील, प्रस्तुत लेखकाचेच आहे. उमेदवार त्याचा मुलगा.

पहिली वाट लेखीच्या निकालाची. लेखी ९०० गुणांची असते, गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. चुकलेल्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापले जातात. अलीकडच्या काही वर्षांत लेखीचा कट-ऑफ ९०० पैकी तीनशेच्या आगेमागे राहिला आहे. बोर्डाच्या परीक्षेत नव्वद टक्क्यांची सवय झालेल्या घराला हा आकडा एक तर फार सोपा वाटतो किंवा खोटा वाटतो. तो दोन्ही नाही. यापुढे आणखी ९०० गुण निवड मंडळाच्या हाती असतात, म्हणजे निम्मी परीक्षा अजून झालेलीच नसते.

लेखी उत्तीर्ण झालेल्याला निकालापासून दोन आठवड्यांच्या आत भारतीय सैन्याच्या भरतीच्या संकेतस्थळावर पुन्हा नाव नोंदवावे लागते. आयोगाकडे अर्ज केला म्हणजे ही नोंद आपोआप होते असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. गावातली आणखी एक गोष्ट इथे नडते. अर्ज बहुधा सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात भरलेला असतो. घाईत तिथला माणूस स्वतःचाच ई-मेल पत्ता टाकतो आणि पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. मुलाखतीच्या तारखा त्या पत्त्यावर येतात. जून-जुलैत वारा-पावसाने वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही गेलेली असताना तो माणूस शोधत फिरण्याची वेळ प्रस्तुत लेखकावर आली होती. तारीख हुकली नाही, पण हुकण्यासारखी परिस्थिती होती खरी. ई-मेल उमेदवाराचाच असावा, मोबाइल क्रमांक घरातल्याचा असावा आणि पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवावा.

निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची, मुलाखत पाच दिवस चालते. मंडळे प्रयागराज, भोपाळ, बंगळूर, कपूरथळा, म्हैसूर, डेहराडून अशा दूरदूरच्या ठिकाणी आहेत. पहिल्याच दिवशी बुद्धिमापन आणि चित्रावरून गोष्ट लिहून तिच्यावर गटचर्चा, अशी चाळणी होते. तिच्यातून गळलेला ‘स्क्रीन आऊट’ त्याच दिवशी परतीला लागतो. राहिलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकार्ये आणि वैयक्तिक मुलाखत होऊन शेवटच्या दिवशी मंडळाच्या बैठकीनंतर निकाल तोंडावर सांगितला जातो. वाट न पाहता निकाल हाती येणारा सगळ्या प्रक्रियेतला हा एकच टप्पा. पहिल्यांदा जाणाऱ्याला जाण्या-येण्याचे वातानुकूलित तृतीय श्रेणीचे रेल्वेभाडे मिळते, त्याच प्रवेशासाठी पुन्हा गेल्यास मिळत नाही. राज्य सरकारचे नाशिकरोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र एसएसबीला पात्र ठरलेल्यांना राहण्या-जेवणासह मोफत तयारी करून देते. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जावे लागते. रत्नागिरीतल्या त्या कार्यालयाची पायरी वेळेत चढणे हे पुण्यातल्या महागड्या शिकवणीपेक्षा केव्हाही बरे.

मंडळाने निवडलेल्याला ‘रेकमेंडेड’ म्हणतात. मराठीत या शब्दाची ‘शिफारस’ होते आणि घोटाळा होतो. गावात शिफारस म्हणजे वजनदार माणसाचा शब्द, तो पडला की काम झाले. अमेरिकेत वेस्ट पॉइंटसारख्या लष्करी अकादमीला अर्ज करणाऱ्याला बहुधा आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीकडून अधिकृत नामांकन मिळवावे लागते. भारतात तसे काहीही नाही. इथली शिफारस मंडळाची असते आणि तिचा अर्थ इतकाच की हा उमेदवार अधिकारी होण्याजोगा आहे. जागा आहे की नाही, प्रकृती चालेल की नाही, हे प्रश्न तसेच उघडे राहतात. आमदार-खासदारांच्या पत्राने त्यांतला एकही सुटत नाही आणि ‘दिल्लीत ओळख आहे’ असे सांगणारा मध्यस्थ फक्त पैसे घेतो.

नाटे गावात मात्र मुलगा रेकमेंड झाल्याची बातमी गाडीतून उतरण्याआधी पोचली होती. नाक्यावर फ्लेक्स लागला, त्यावर मुलाचा फोटो आणि ‘निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. लावणाऱ्यांचे प्रेम खरे होते. पण त्या फ्लेक्सने घराचा विचार बांधून टाकला. निवड झालेल्या मुलाने दुसरीकडे प्रवेश घ्यायचा म्हणजे लोक काय म्हणतील, असा तो विचार.

रेकमेंड झालेल्याची वैद्यकीय तपासणी लगेच लष्करी रुग्णालयात होते आणि काही दिवस चालते. नजर, रंगज्ञान, कान, नाक, दात, गुडघे, तळपाय, वजन, पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे असे सर्व पाहतात. दातांचेही गुण मोजतात, किमान १४ लागतात. दोष तात्पुरता असेल तर उमेदवार ‘टीआर’ होतो आणि साधारण ४२ दिवसांच्या मुदतीत त्याला अपील मंडळापुढे उभे राहता येते. कायमचा दोष दाखवला असला तरी अपीलाचा मार्ग असतो, मात्र मुदत आणि रुग्णालय हातात दिलेल्या कागदावरच लिहिलेले असते आणि तो कागद नीट वाचावा लागतो. नाटेचा उमेदवार टीआर झाला तो कानातल्या मळामुळे. रत्नागिरीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो काही मिनिटांत काढला. परंतु त्यासाठी परराज्यातली दुसरी खेप, अपील आणि घरातल्या सगळ्यांच्या झोपमोडीचे तीन आठवडे खर्ची पडले. कान आणि दात मुलाखतीला निघण्याआधीच तपासून घ्यावेत. याखेरीज शरीर राखण्याबद्दल एकच सांगण्यासारखे आहे. जांभ्याच्या कातळावर अनवाणी किंवा झिजलेल्या बुटांनी धावून पोरे गुडघे आणि नडगी दुखवून घेतात, पावसाळ्यात सड्यावर शेवाळ धरते तेव्हा तर हमखास. आंबोळगडची वाळू जवळ आहे. ओहोटी बघून तिथे धावावे.

यानंतरची वाट सर्वांत फसवी. आयोग लेखी आणि एसएसबी मिळून १८०० गुणांवर गुणवत्ता यादी लावतो. यादीसोबतच्या टिपेत स्पष्ट म्हटलेले असते की ती करताना वैद्यकीय निकाल विचारात घेतलेला नाही आणि उमेदवारी तात्पुरती आहे. जन्मतारखेचे व शिक्षणाचे दाखले आयोगाकडे नव्हे, तर दिल्लीत रामकृष्णपुरमच्या भरती महासंचालनालयाकडे पाठवायचे असतात. वृत्तपत्रांतून फक्त नावे येतात, ही टीप येत नाही. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतात. महाराष्ट्र बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. आधारवर क्रम उलटा आणि स्पेलिंगही कधी निराळे. हे जुळवायला महिने लागतात, म्हणून अकरावीतच जुळवावे. दाखले स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

यादीत नाव असणे आणि जागा मिळणे यांतही अंतर आहे. एका परीक्षेतून साधारण ४०० जागा भरतात. प्रबोधिनीत भूदलाच्या २०८, नौदलाच्या ४२, हवाई दलाच्या १२०, आणि बाकीच्या एझिमलाच्या नौदल अकादमीत. अलीकडच्या याद्यांत मात्र पाचशे-सहाशेहून अधिक नावे असतात. मुलींच्या जागा यातच वेगळ्या राखलेल्या आणि थोड्या असतात, भूदलात २०८ पैकी १०. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१च्या अंतरिम आदेशाने हा मार्ग उघडला आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली प्रबोधिनीतून बाहेर पडल्या. नाटेसारख्या गावातल्या मुलीने यादीतला क्रमांक वाचताना एकूण आकड्याशी नव्हे, या आकड्याशी ताडून पाहावा.

वरचे काही जण प्रकृतीत नापास होतात, काही दुसरीकडे जातात, काहींचे कागद अडतात, आणि पत्रे यादीत खाली सरकत येतात. ती कोर्स सुरू होण्याच्या तोंडावरही येऊ शकतात. ज्याच्यापर्यंत सरकत नाहीत तो ‘मेरिट आऊट’. यात गुणांइतकाच पसंतीक्रम काम करतो आणि पसंतीक्रम भरला जातो अगदी पहिल्या अर्जात, जेव्हा कोणाचे तिकडे लक्ष नसते. नाटेचा मुलगा बंदरावर वाढलेला. घरात होडी, नाकात खारा वारा. त्याने नौदल आणि नौदल अकादमी एवढेच रकाने भरले, भूदल आणि हवाई दल मोकळे सोडले. तेव्हा ते बाणेदारपणाचे वाटले, बापालाही. ऑक्टोबरअखेरीस यादी लागली आणि तिच्या खालच्या भागात त्याचे नाव होते. नाक्यावर दुसरा फ्लेक्स लागला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. पोस्टमन रोज विचारायचा, हेच काय ते पत्र. जानेवारीत कोर्स सुरू झाला तेव्हा कोणी काही कळवले नाही, कारण पत्र न येणे हेच उत्तर होते. भूदलाचा रकाना भरला असता तर पत्र आलेच असते असे म्हणता येत नाही. पण ४२ जागांच्या रांगेबरोबर २०८ जागांच्या रांगेतही त्याला उभे राहता आले असते.

दुसरे नुकसान जास्त टाळण्यासारखे होते. एप्रिलच्या परीक्षेचा अंतिम निकाल शरद ऋतूत लागतो. राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रवेशफेऱ्या (कॅप) आणि महाविद्यालयांचे प्रवेश त्याआधीच संपलेले असतात. फ्लेक्स लागलेल्या घराने कॅपचा अर्ज भरलाच नव्हता, त्यामुळे मुलाचे वर्ष रिकामे गेले. प्रवेश घेऊन नंतर सोडला तर फी बुडते हे खरे. म्हणून महागड्या अभियांत्रिकीपेक्षा या काळात जवळच्या महाविद्यालयातील विज्ञान शाखेची जागा परवडते. रत्नागिरीत एनसीसीचे नौदल युनिटही आहे. दुसरी एनडीए परीक्षाही सोडू नये. तिचा अर्ज भरण्याची वेळ पहिलीचा अंतिम निकाल लागण्याच्या कितीतरी आधी निघून जाते. वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे इतकीच आहे आणि जन्मतारखेच्या मर्यादा प्रत्येक जाहिरातीत बदलतात. प्रत्यक्ष रुजू होताना खिशातला खर्च आणि इतर बाबींसाठी काही हजारांची रक्कम भरावी लागते, तिचा तपशील जाहिरातीत असतो. मासेमारीच्या बंदीकाळात हात रिकामा असणाऱ्या घराने ती आधीच बाजूला काढावी.

एनडीएखेरीज आणखीही काही दारे आहेत. बारावीला भौतिक, रसायन, गणित असलेल्यांना जेईई मेनच्या आधारे भूदलाची तांत्रिक प्रवेश योजना आणि नौदलाची बी.टेक. योजना आहे. पदवीनंतर आयोगाचीच सीडीएस परीक्षा असते. तिच्यातून नौदल अकादमीला जायला मात्र अभियांत्रिकीची पदवी लागते. बी.एस्सी. झालेल्याला डेहराडूनची भारतीय सैन्य अकादमी, चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आणि बारावीला भौतिक व गणित असल्यास हवाई दल अकादमी इतके पर्याय उरतात. नाटेच्या उमेदवाराने पुढच्या जूनमध्ये रत्नागिरीत बी.एस्सी.ला नाव घातले. पदवीच्या शेवटच्या वर्षी सीडीएसचा अर्ज त्याने घरी बसून स्वतःच भरला आणि या वेळी त्याच्या पदवीला चालणारा पसंतीचा एकही रकाना मोकळा ठेवला नाही.