घरचे धान्य आधी घराला : कमी खर्चात सकस आहार

तुरीची मळणी आटोपते, पोती बाजारात जातात आणि आषाढ-श्रावणात तीच तूर डाळ होऊन दुकानातून किलो-अर्ध्या किलोने घरी येते. मधली अडत, हमाली, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा आपल्याच खिशातून जातो. हात आखडला की पहिली काटछाट होते ती डाळीत. भाकरी तितकीच राहते, वरण मात्र पातळ होत जाते.

ज्वारी, बाजरी, गहू यांच्या प्रथिनांत लायसीन कमी असते. डाळींत ते भरपूर असते, पण मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकाच जेवणात आल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. तीन भाग धान्यास एक भाग डाळ हे प्रमाण चांगले समजले जाते. तेवढे जमत नसेल तरी माणशी रोज ६० ग्रॅमच्या खाली जाऊ नये. पाच माणसांच्या घराला याप्रमाणे वर्षाला सुमारे ११० किलो डाळ-कडधान्य लागते. त्यातील निम्मी तूरडाळ धरली, तर घरगुती भरडणीत ७० टक्के उतारा मिळाल्यास ८० किलो तूर पुरते. उरलेली गरज मूग, मटकी, कुळीथ, हरभरा यांची उसळ करून भागवावी. त्यात भरडणीची घटही नाही. म्हणजे तुरीचे एक पोते विक्रीपूर्वी बाजूला काढले की वर्षाची मोठी काळजी मिटते.

कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना पोते कसे ठेवायचे, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. अशा वेळी पेरणीतच सोय करावी. बाजरी अधिक तूर २:१ ओळी या प्रमाणात घेतल्यास एकाच क्षेत्रात धान्य आणि डाळ दोन्ही मिळतात. बांधालगत चवळी, वाल लावावेत. साठवणीपूर्वी कडधान्य उन्हात कडकडीत वाळवून दर किलोस ५ मिली खाद्यतेल चोळल्यास भुंग्याचा उपद्रव कमी होतो. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात मुळीच वापरू नयेत. त्यांच्या वायूने माणसे दगावतात.

आता लोहाविषयी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. घरातील बाई सर्वांत शेवटी जेवते आणि पातेल्यात भाजी उरलेली नसते, हे आपण सर्वच जाणतो. तिचे ताट आधी वाढून ठेवावे. याला पैसा लागत नाही. बाजरीत लोह चांगले असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहभागाने विकसित झालेल्या 'धनशक्ती' वाणात ते आणखी अधिक आहे. मात्र पिठात असलेले सर्व लोह अंगी लागत नाही. जेवताना लिंबू पिळल्यास किंवा कच्चा कांदा-टोमॅटो खाल्ल्यास ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतल्यास उलट होते. चहा तासाभराने घ्यावा.

पालेभाजी विकत घेण्याचे कारण सहसा नसते. परसात शेवग्याचे एक झाड असले की शेंगा मिळतातच, पण पाल्याची भाजी त्याहून सकस. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू बांधावर आपोआप उगवतात. आपण त्यांना तण म्हणतो, आमच्या पुस्तकांतही तसेच लिहिलेले असते! तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या शेतातील व त्याच्या बांधावरील भाजी मात्र खुडू नये. भाजी धुऊन मग चिरावी, शिजवलेले पाणी फेकू नये.

मुलांच्या हाती बिस्किटाचा पुडा देण्यापेक्षा मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्यावा. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, पुड्यात बहुतांश मैदा आणि साखर. घरचे सोयाबीनही खाता येते, परंतु कच्च्या दाण्यातील घटक प्रथिनांच्या पचनास अडथळा आणतो. म्हणून निवडलेले सोयाबीन उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटे उकळून, वाळवून मगच दळावे. दहा किलो गव्हात एक किलो पुरे, जास्त घातल्यास चव बिघडते. बाजरीचे पीठ मात्र लवकर कडवट होते. ते आठवड्यापुरतेच दळून आणावे.