वळूचें बीज : पेशींची वाढ, तपासणी आणि मरण

ज्या वळूची वा रेड्याची परीक्षा उन्हाळ्याच्या अखेरीस होऊन ‘बीज निकृष्ट’ असा शेरा पडतो, तें जनावर बहुधा लगेच बाजारांत जातें. मालकास वाटतें, पेंड फुकट गेली. पण हा निकाल देण्यापूर्वीं बीज कसें तयार होतें, हें पशुपालकानें जाणून घेणें अगत्याचें आहे.

आपल्या उपनगरांत गोरेगांव येथें १९४९ सालीं आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली व शहरांतील तबेल्यांच्या म्हशी तेथें आल्या. कृत्रिम रेतन आपल्या देशांत १९३९ सालीं म्हैसूर येथें प्रथम यशस्वी झालें. म्हशीस त्या रीतीनें पहिलें पारडूं १९४३ सालीं अलाहाबाद येथें झालें. पुढें १९६७ मध्यें मणिभाई देसाई यांनीं उरुळीकांचन येथें स्थापिलेल्या संस्थेनें ही रीत खेडोपाडीं नेली. आतां एका वळूचें बीज हजारों गाईंस पोंचतें. म्हणून त्याची पारख पूर्वींहून अधिक महत्त्वाची झाली आहे.

वृषणांतील बारीक नळ्यांच्या भिंतीलगत मूळ पेशी असतात. त्या दुभंगून वाढतात. मग एक विशेष विभाजन होऊन गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. गोवंशांत ६० चीं ३०, आपल्या मुऱ्हा व जाफराबादी जातींत ५० चीं २५. शेवटीं पेशीस शेपूट फुटून शुक्रजंतु होतो. वळूमध्यें या कामास सुमारें ६१ दिवस लागतात, आणि पक्व होऊन बाहेर पडण्यास आणखी आठदहा.

या वाटेवर चौक्या आहेत. माझें आयुष्य महसुली दफ्तरांत गेलें, म्हणून तेथलाच दाखला देतों. तलाठी फेरफार लिहितो, पण वरिष्ठानें प्रमाणित केल्यावांचून तो सातबारावर चढत नाहीं. तसेंच पेशी दुभंगण्यापूर्वीं गुणसूत्रांची नक्कल पुरी व शुद्ध झाली कीं नाहीं, हें कांहीं प्रथिनें पाहतात. दोष असला तर काम अडवितात. पेशीचक्राच्या या नियमनाच्या शोधांबद्दल हार्टवेल, हंट व नर्स यांस २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. खेचराचें उदाहरण सर्वांस परिचित आहे. घोड्याचीं गुणसूत्रें ६४, गाढवाचीं ६२, खेचराचीं ६३. जोड्या नीट जुळत नाहींत, चौकीवर काम अडतें, आणि त्या पेशी शुक्रजंतु होण्यापूर्वींच मरतात.

दुरुस्ती न झाल्यास पेशी आपण होऊन मरते. ती आकसते, तिचे तुकडे होतात, आणि शेजारच्या पोषक पेशी ते गिळून टाकतात; सूज नाहीं, पू नाहीं. या मरणास १९७२ सालीं कर, वायली व करी यांनीं ‘अपॉप्टोसिस’ हें नांव दिलें. निरोगी नरांतही अनेक पेशी अशाच जातात. हा अपव्यय नव्हे. मुळ्याच्या वाफ्यांतील विरळणीच ती. पोषक पेशी ठराविक संख्येलाच पुरतात. १९९५ सालीं ‘बॅक्स’ नांवाचें मारक प्रथिन काढून टाकलेले उंदीर तयार केले, तेव्हां त्यांच्या वृषणांत पेशींची दाटी झाली, परंतु ते नर वांझ निघाले!

आतां उन्हाचा प्रश्न. वृषण शरीराहून चार-पांच अंश थंड असावे लागतात, म्हणून ते बाहेर लोंबतात. पत्र्याच्या तापलेल्या गोठ्यांत, किंवा लाळ-खुरकुतीच्या तापांत, ही थंडाई टिकत नाहीं. मग चांगल्या पेशींसही मरणाची आज्ञा होते. रेड्यास घाम कमी, कातडी काळी, तेव्हां त्यास हा त्रास अधिक. परंतु उष्णतेनें दुखावतात त्या वाढत्या पेशी. म्हणून मे महिन्यांतील तापाचें फळ जून-जुलैंत दिसतें, जेव्हां आभाळ भरलेलें असतें आणि कोणास ऊन आठवतही नाहीं.

अशा जनावरास छाया, भरपूर पाणी व डुंबण्यास डबकें द्यावें, आणि पहिल्या परीक्षेपासून अडीच महिन्यांनीं पुन्हां परीक्षा करवावी. तोंवर मूळ पेशींपासून नवें बीज तयार झालेलें असतें. दुसऱ्या वेळींही तोच शेरा पडला, तर मात्र दोष उन्हाचा नसून जन्मजात वा रोगाचा असण्याचा संभव अधिक, व पशुवैद्याच्या सल्ल्यानें त्यास काढून टाकण्यास हरकत नाहीं. नोंदवहींत परीक्षेच्या तारखेशेजारीं मागील दोन महिन्यांतील ताप, आजार व लांबचा प्रवासही लिहून ठेवावा.