गिऱ्हाइकाचा पासवर्ड : दुकानदाराकडील अमानत



समजा, जेऊरच्या (ता. करमाळा) बाजारातील एका कापड दुकानदाराने वेबसाइट काढली. गिऱ्हाइके मोबाइल नंबर व पासवर्ड देऊन तेथे खाते उघडतात. हे पासवर्ड ठेवायचे कसे? उधारीच्या वहीप्रमाणे जसेच्या तसे लिहून ठेवले, तर वही चोराच्या हाती पडताच सारे उघडे पडते. पुष्कळ माणसे तोच पासवर्ड ई-मेललाही वापरतात. म्हणजे चोरी आपल्या दुकानात, पण नुकसान गिऱ्हाइकाच्या घरी!

अमेरिकेतील रॉकयू कंपनीत 2009 साली हेच घडले. जसेच्या तसे ठेवलेले सुमारे 3 कोटी 20 लाख पासवर्ड चोरीस गेले.

यावर उपाय 'हॅश'. गव्हाचे पीठ होते, पिठाचा गहू होत नाही. तसेच पासवर्डवर गणिती क्रिया करून येणारा हॅश तेवढा साठवावा. गिऱ्हाईक पुन्हा आले की त्याने टाकलेल्या पासवर्डचा हॅश काढून साठवलेल्याशी ताडून पाहावा. मूळ पासवर्ड जवळ ठेवण्याची गरजच उरत नाही.

एवढ्याने मात्र भागत नाही. सारख्या पासवर्डचा हॅश सारखाच येतो, आणि चोर नेहमीच्या पासवर्डांचे हॅश आधीच काढून ठेवतात. 2012 मध्ये लिंक्डइनचे सुमारे 65 लाख हॅश बाहेर आले. त्यांत 'सॉल्ट' नव्हते, म्हणून बरेच पासवर्ड भराभर उलगडले. सॉल्ट म्हणजे दर खात्यासाठी वेगळी, आपोआप तयार होणारी अक्षरे. ती पासवर्डात मिसळून मगच हॅश काढतात. शिवाय ही क्रिया मुद्दाम संथ हवी. गिऱ्हाइकाला क्षणभराचा उशीर जाणवत नाही. कोट्यवधी अंदाज करून पाहणाऱ्या चोराला तो महागात पडतो. बीक्रिप्ट व आर्गॉन 2 या पद्धती अशाच आहेत. एमडी 5 व शा-1 झटपट चालतात, म्हणून या कामास त्या नकोत.

वेबसाइट करून देणाऱ्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वी एवढे पाहावे :

1) पासवर्डसाठी कोणती पद्धत वापरली?
2) दर खात्याला वेगळे सॉल्ट आहे काय?
3) 'पासवर्ड विसरलो' असे कळवून पाहा. जुनाच पासवर्ड परत आला, तर काम कच्चे समजावे. नवा ठरवण्याची सोय मिळाली पाहिजे.

2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडापेक्षा पत मोठी. गेलेला माल पुन्हा भरता येतो, गेलेला विश्वास नाही.